धनुष्यबाणाच्या शिकारीच्या फिल्म: संयम दाखवतात की नुसती देखणी शिकार?

पाणवठा (धागाकर्ता)
अमेरिकेतल्या धनुष्यबाणाच्या शिकारीवरच्या फिल्म मी आवडीने बघतो. हे सांगितलं की ओळखीचे लोक तोंड फिरवतात, म्हणून मुद्दाम धागा काढतोय. माझं म्हणणं एवढंच, की चांगल्या फिल्ममधला शिकारी बहुतेक वेळा बाण सोडतच नाही. हरीण वीस-पंचवीस मीटरवर आलेलं असतं, दोरी गालापर्यंत ओढलेली असते, पण जनावर समोरासमोर उभं असलं की तो ताण हळूच उतरवतो. बाण कुशीतून शिरून फुप्फुसांतून आरपार जाणार असेल तरच सोडायचा, हा तिथला दंडक. बाण लागल्यावरही मागे धावायचं नाही. अर्धा तास तरी मचाणावरच बसायचं, मग रक्ताचा माग काढायचा, कारण लगेच पाठलाग केला तर जखमी जनावर लांब पळतं.

पैशाचंही बघा. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार तिथे बंदुका-काडतुसांवर कर आहे, पुढे धनुष्यबाणही त्यात आले. तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना मिळतो. याला नुसता रक्तपात म्हणणं मला पटत नाही.

गोरेगावकर
पाणवठा, तुम्ही लिहिलंय ते खोटं नाही. पण ब्रिटनने १९८१ च्या कायद्याने जंगली जनावर धनुष्याने मारणं बंद केलं. शिकारीची एवढी जुनी परंपरा असलेला देश बंदूक चालू ठेवतो आणि धनुष्याला नाही म्हणतो, याचा विचार करा.

आणि आपण कुठे बसून बघतोय? आपल्याकडे १९७२ पासून वन्यजीव संरक्षण कायदा आहे. तरी फिल्मसिटीच्या रानात फाशात अडकून बिबट्या मेलाय. डुकरासाठी, सांबरासाठी तार लावतात आणि त्यात जे सापडेल ते तडफडून मरतं. हे फिल्म बघून होतं असं मी म्हणत नाही. पण मारणं हा देखणा, मर्दानी छंद आहे हे कोवळ्या पोरांच्या डोक्यात भरायची आपल्याला काही गरज आहे का?

वऱ्हाडी
मी अकोल्याकडचा, नोकरीला ठाण्यात. गावाकडे भाऊ अजून रात्री जागलीला जातो. रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप एका रात्रीत हरभरा साफ करतो. तिथे हा वाद कुणी घालत नाही, नुकसानभरपाईचा कागद कधी हलतो एवढंच विचारतात. एक सांगतो, अमेरिकेचा हिशोब इथे लावू नका. तिथे बऱ्याच भागांत लांडगे संपवले आणि हरणं वाढली. आपल्याकडे खाणारा बिबट्या अजून आहे.

कात्री
अंधेरीत एडिटिंग करतो, म्हणून कामाचं बोलतो. या फिल्ममध्ये बाण लागतो तो क्षण स्लो मोशनमध्ये दोन-तीनदा येतो. बाणाच्या शेपटीला लाल दिवा लावतात, कॅमेऱ्याला बाण नीट दिसावा म्हणून. पुढचा शॉट थेट पडलेल्या जनावराचा, मागे हळवं संगीत. मधले तास टेबलावर गळतात, आणि नीतीचा प्रश्न नेमका त्या तासांत असतो.

थोडं गणित करू. वेगवान धनुष्याचा बाण सेकंदाला साधारण ९० मीटर जातो, आवाज ३४० मीटर. हरीण २७ मीटरवर असेल तर दोरीचा आवाज त्याच्या कानात ०.०८ सेकंदात पोचतो आणि बाण ०.३ सेकंदाला. मधल्या वेळात बिचकलेलं हरीण पळण्यासाठी खाली दबतं आणि बाण वर लागतो, पाठीत. शिकारी कितीही संयमी असला तरी हे त्याच्या हातात नाही. असं जनावर कधी रात्रभर शोधावं लागतं, कधी सापडतच नाही. तो माग मी क्वचितच बघितलाय. ज्यांनी दाखवला त्यांचा मला आदर आहे.

पाणवठा
कात्री, हे महत्त्वाचं बोललात. म्हणून तर चांगले शिकारी अंतर कमी ठेवतात आणि कान टवकारलेल्या हरणावर बाण टाकत नाहीत. माझ्या मते चुकलेला बाण दाखवणं हीच या फिल्मची कसोटी धरली पाहिजे. गोरेगावकर, बंदीबद्दल माझा वाद नाही. इथे शिकार खुली करा असं मी कुठेच म्हटलेलं नाही. पण लांबचं सगळं बघायचंच नाही, हेही नको. सलीम अलींच्या आयुष्याला वळण लागलं ते लहानपणी छर्‍याच्या बंदुकीने मारलेल्या एका चिमणीमुळे. ती ओळखून घ्यायला ते आपल्याच मुंबईतल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले होते.

गोरेगावकर
सलीम अलींचं उदाहरण इथे बसत नाही. त्यांच्या बंदुकीतून पक्ष्यांचा अभ्यास उभा राहिला. या फिल्ममधून काय उभं राहतं? शिंगांसोबतचा फोटो आणि धनुष्याच्या कंपनीची जाहिरात. तुमची कसोटी मात्र मला मान्य आहे. जखमी हरीण शोधूनही सापडलं नाही आणि तो भाग न कापता ठेवलाय, अशी फिल्म असेल तर इथे दुवा द्या. शेवटपर्यंत बघेन आणि मगच पुढे बोलेन.