थाई 'फी' : भूत, हडळ की अळवंत?

पागोळी : 'मे नाक'च्या कथेवरच्या थाई मालिकेची मराठी उपशीर्षकं करते आहे. नवरा माक लढाईवर असताना नाक बाळंतपणात जाते. तो परतल्यावर तिच्या भुताबरोबरच संसार करतो. गाडी 'फी' या शब्दापाशी अडली आहे. शेजारी 'तुझी बायको फी आहे' म्हणतात तिथे 'भूत' चालतं. माकच्या तोंडी मात्र नपुंसकलिंगाने घात होतो : 'ते भूत माझ्यावर प्रेम करतं'. 'हडळ' लिहिलं तर प्रेमकथाच उरत नाही. ओळीत ४२ चिन्हं, काना-मात्रा धरून.

खडीसाखर : नेमका शब्द 'अळवंत'. बाळंतपणात गेलेल्या बाईचं भूत. थाईतही अशा मृत्यूला वेगळं नाव आहे : 'ताय थांग क्लोम', म्हणजे पोटातल्या बाळासकट मेलेली. आपल्याकडे मुंजा, जखीण, लावसट असे भेद असताना सगळ्यांना 'भूत'मध्ये कोंबणं हा भाषेवर अन्याय आहे.

दर्यावर्दी : उपशीर्षक दोन-तीन सेकंद दिसतं. तेवढ्यात 'अळवंत' किती जणांना उमगेल? शिवाय कोकणात बाळंतिणीच्या भुताला हडळही म्हणतात, तेव्हा हे भेद वाटतात तितके पक्के नाहीत. शब्दापेक्षा वाक्य बदला. 'ती' कर्ता ठेवा आणि 'भूत' विधेयात टाका : 'ती भूत असली तरी माझी बायको आहे.' लिंगाचा प्रश्न मिटला. नाक स्वतःबद्दल बोलते तिथे 'मी मेलेय' पुरे.

खडीसाखर : न कळणारे शब्द गाळत गेलो तर कोशात तरी काय उरेल?

तांबडी माती : मूळ संवाद कान देऊन ऐका. भिक्षूच्या तोंडी बहुधा 'विन्यान' येईल. तो पालीतला 'विञ्ञाण', आपल्या 'विज्ञान'चा सख्खा भाऊ, पण इथे अर्थ आत्मा. 'फी' रोखठोक, 'विन्यान' आदराचा. दोन्हींना 'भूत' लावलंत तर बोलणाऱ्याची नजरच पुसली जाईल. 'प्रेत' ऐकू आलं तर तसंच उतरवू नका. थाई प्रेत म्हणजे मढं नव्हे, ताडाएवढा उंच, सुईच्या छिद्राएवढ्या तोंडाचा भुकेला जीव.

दर्यावर्दी : आणखी एक खड्डा. नाक नवऱ्याला 'फी माक' म्हणते तो 'फी' वेगळा, उतरत्या सुरातला. अर्थ थोरलं भावंड, बायको नवऱ्यालाही म्हणते. भुताचा 'फी' चढत्या सुरात. २०१३च्या 'फी माक' चित्रपटाच्या नावातही भूत नाही, हाच नवरा आहे. इथे 'दादा' लिहिलंत तर अनर्थ. 'अहो' लिहा.

पागोळी : 'अहो' घेते. लिंबाच्या प्रसंगाचं काय? फळ्यांच्या फटीतून लिंबू घराखाली पडतं, ती वरूनच हात लांब करून उचलते आणि माकला कळून चुकतं.

तांबडी माती : तिथे हातच बोलतो. ओळ रिकामी ठेवा. पण आधी नाव सुधारा. 'मे' नाही, 'मॅ'. मराठीत तो स्वर लिहिता येतो, मग महिन्याचं नाव कशाला?

खडीसाखर : आणि 'नाक' वाचून कुणाला बाई आठवेल? थाईत हे नाव दोन प्रकारे लिहितात, त्यातलं एक आपल्या 'नाग'चंच. 'नाग' लिहा.

दर्यावर्दी : उच्चार शेवटी 'क'च आहे. पडद्यावर 'नाक' ऐकू येणार आणि खाली 'नाग' दिसणार?

खडीसाखर : मग 'बँकॉक'चं काय? थाई माणूस त्या शहराला 'क्रुंग थेप' म्हणतो. तिथे उच्चार कोण पाळतं?