शेजारच्या रेडिओ गॅलक्सींचे जेट एकाच दिशेला, योगायोग का?

परभणीकर: खोडदच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीनं आकाशाच्या एका पट्ट्यातले साठेक जेट, म्हंजे गॅलक्सीच्या मधल्या कृष्णविवराजवळून सुटणारे झोत, बघितले तर त्यात एका दिशेचा कल दिसला, 2016 ला पेपर आला. तवापासून डोक्यातून जाईना राव, इतक्या लांबच्या कृष्णविवरांना एकमेकांचं कळावं कसं?

अंबाजोगाई: अवकाळीत ज्वारी पडते तवा सगळी ताटं एकाच अंगाला झोपतात, ताट ताटाला विचारत नाही, वारा एकच असतो. जेट कृष्णविवराच्या फिरण्याच्या अक्षावर निघतो, ते फिरणं एकाच जुन्या मोठ्या रचनेतून आलं असलं तर जुळंल की.

लातूर: भाऊ, झुबके तर काडेपेटी ओतली तरी दिसतात, काल पोरीसंगं फरशीवर ओतून बघितली तर कोपऱ्यात सात काड्या एका रेषेत. अन् फोटोत खोली कळत नाही, शेजारी दिसणारे जेट खरे शेजारी असतीलच असं नाही. 2020 ला युरोपातल्या लोफार रेडिओ दुर्बिणीनं टिपलेल्या हजारो रेडिओ सोर्सवर तपासलं, सपाट आकाशावर कल दिसला पण अंतर धरल्यावर काहीच उरलं नाही. मला तरी योगायोग नाहीतर मोजणीतला दोष वाटतो.

परभणीकर: अंतराचं हे माहीतच नव्हतं ओ. मग साठेक जेट लई कमी पडले.