सिसलचा दोर कशाकशाला चालतो? मांजरीचा खांब, वेलींचा मांडव आणि मुलीचा झोका

मनीची_आई:
मंडळी, सल्ला हवाय. घायपाताच्या वाखाचा दोर, ज्याला सिसल रोप म्हणतात तो घ्यायचाय. कामं तीन आहेत. मांजरीने सोफा पार ओरबाडून काढलाय म्हणून तिच्यासाठी लाकडी खांबाला दोर गुंडाळायचाय, दुसरं म्हणजे वेलींना मांडव करायचाय आणि तिसरं, मुलगी ६ वर्षांची आहे, तिला झाडाला झोका बांधून द्यायचाय. एकच मोठं बंडल घेतलं तर तिन्ही होईल का? घरात प्लास्टिक कमी करायचं मनावर घेतलंय म्हणून नायलॉन नकोसं वाटतंय. आणि हो, कुंपणाला घायपात आहे, त्याचा वाख घरीच काढता येईल का?

तीनपेडी:
ताई, आधी झोक्याचं सांगतो. झोक्याला सिसल अजिबात नको. नवा असतो तेव्हा दणकट वाटतो, असतोही, पण बाहेर टांगला की पावसात भिजणार, उन्हात वाळणार, परत भिजणार आणि आतून कुजत जाणार, आणि वरून बघाल तर तसाच पिवळाधमक! आमच्याकडे माळ्यावर सामान चढवायला असाच दोर होता, ओला झाला की तसाच कोपऱ्यात टाकायचो. एक दिवस पेटी अर्ध्यावर असताना तुटला, खाली कुणी नव्हतं म्हणून निभावलं. नंतर पेड उलगडून बघितले तर आत नुसती राखाडी भुकटी. तेव्हापासून माणसाचं वजन ज्याच्यावर येणार तिथे मी वाख वापरत नाही. झोक्याला पॉलिएस्टरचा जाड दोर घ्या, तो नायलॉनपेक्षा कमी ताणला जातो आणि उन्हात पॉलिप्रॉपिलीनपेक्षा बराच टिकतो. फांदीवर घासतो तिथे मात्र दर काही दिवसांनी हात फिरवून बघत जा. इथे प्लास्टिक वापरावं लागलं तर वापरा, मुलीचा प्रश्न आहे.

मनीची_आई:
बापरे, बरं झालं विचारलं. झोका पॉलिएस्टरचाच करते. मग खांबाचं काय?

बोक्यांचं_घर:
खांबाला मात्र सिसलसारखं दुसरं काही नाही, माझ्याकडे ३ मांजरं आहेत आणि मी काथ्या, सुतळी सगळं करून बघितलंय. सुतळी मऊ पडते, लवकर पिंजते. सिसलचा धागा कडक आणि खरखरीत, नखं नीट रुततात आणि ओढताना जो कर्र आवाज येतो तोच त्यांना आवडतो असं मला वाटतं. जाडी ६ ते १० मिमीमधली घ्या. लांबीचा हिशोब मात्र आधी करा कारण सगळे इथेच फसतात, अर्ध्या खांबावर दोर संपतो. समजा खांब १० सेंमी व्यासाचा, ६० सेंमी उंच आणि दोर ८ मिमी, तर ७५ वेढे येतात आणि एका वेढ्याला साधारण ३४ सेंमी दोर जातो, म्हणजे २५ मीटरच्या वर. वर २-३ मीटर शिल्लक धरा.
अजून एक, दोर नाकाशी धरून वास घ्या. गवताचे भारे बांधायच्या सिसल दोरीला बऱ्याचदा तेल लावलेलं असतं, कधी उंदीर लागू नयेत म्हणून औषधसुद्धा, आणि मांजर नंतर पंजे चाटणार. रॉकेलसारखा वास आला तर घेऊच नका.

मनीची_आई:
गुंडाळायच्या आधी भिजवून घ्यायचा का? एका व्हिडिओत तसं होतं.

तीनपेडी:
नको. वाख भिजला की फुगतो, दोर जाड होतो आणि लांबीला आखडतो. वाळला की उलटं, बारीक होऊन सैल पडतो. ओला गुंडाळलात तर ४ दिवसांनी वेढे हलायला लागतील. कोरडाच घ्या आणि प्रत्येक वेढा खालच्या वेढ्यावर ठोकून बसवत चला. हातमोजे घाला, कुसळं फार टोचतात. आणि ओल्या सिसलची गाठ सुटता सुटत नाही, हे मांडवाच्या वेळी लक्षात ठेवा.

हिरवी_मिरची:
मांडवाला सिसलची बारीक दोरी मस्त. वेल तिला छान धरतो, नायलॉनवरून घसरतो. हंगाम संपला की वाळलेल्या वेलासकट कापून खतात टाकायची, सोडवत बसायला नको. फक्त खोड करकचून बांधू नका, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा सैल फास द्या.

रानवाटा:
घायपाताबद्दल मी सांगते कारण हे झाड माझं फार आवडतं. आधी पानाची कड बघा. काटे फक्त टोकाला असतील आणि कड जवळपास गुळगुळीत असेल तर सिसलची जात असू शकते, कडेला दातेरी काटे असतील तर ती दुसरी, शोभेची मोठी जात. वाख दोन्हीत असतो. पण हिरव्या पानाच्या वजनात धागा जेमतेम ४ टक्के, म्हणजे १०० किलो पानं सोलाल तेव्हा ४ किलो हाती येणार, तुमचा खांब काही त्यातून होणार नाही. शिवाय रस अंगाला लागला तर प्रचंड खाज सुटते, त्यात सुईसारखे बारीक स्फटिक असतात. हौस म्हणून २ पानं करून बघा, मोजे घालून, बोथट सुरीने गर खरवडायचा आणि धुवून उन्हात वाळवायचं.
मूळचं हे मेक्सिकोचं, युकातानमधल्या सिसल बंदरातून माल जायचा म्हणून नाव सिसल. १८९३ मध्ये हिंडॉर्फ नावाच्या जर्मन माणसाने फ्लोरिडाहून १००० रोपं आज टांझानिया आहे तिकडे मागवली, वाटेत बहुतेक मेली, फक्त ६२ जगली आणि त्यांच्यावर तिथली अख्खी शेती उभी राहिली. मला हे वाचल्यापासून त्या ६२ रोपांचं राहून राहून कौतुक वाटतं. तुमच्या झाडाला उंच दांडा आला तर त्यावर येणारी छोटी रोपं जपून ठेवा, एकदा फुललं की मूळ झाड मरतं.

मनीची_आई:
किती छान माहिती! कड बघून आले, गुळगुळीतच आहे. तर ८ मिमीचा २८ मीटर दोर खांबाला, बारीक दोरी मांडवाला, झोक्याला पॉलिएस्टर. दोराची टोकं पिंजतात त्याचं काय करायचं?

तीनपेडी:
कापायच्या आधी दोन्ही बाजूंना जाड सुती दोऱ्याचे १०-१२ घट्ट वेढे घ्या, मग मधोमध कापा. नायलॉनसारखं मेणबत्तीवर धरू नका, वितळत नाही, पेट घेतो.