मदत हवी आहे: सगळे पीस स्पेकमध्ये (ड्रॉइंगच्या मापात), तरी एक्स-बार (सरासरीच्या) चार्टवर ९ बिंदू बाहेर

बुशवाला: स्टीलचा बुश, ओडी (बाहेरचा व्यास) २५ एच७ (छोटा एच, म्हणजे २४.९७९ ते २५.००० मिमी). ५ पीसचा सबग्रुप (एका वेळचा नमुना), असे २५. आर (सबग्रुपमधल्या सगळ्यात मोठ्या आणि लहान मापातला फरक) याची सरासरी, म्हणजे आर-बार, ४ मायक्रॉन, आर चार्ट शांत. एक्स-बारवर मात्र ९ बिंदू लिमिटबाहेर (चार्टच्या कंट्रोल लिमिट, स्पेकच्या नाहीत). रिजेक्शन शून्य. सोमवारी कस्टमरचं ऑडिट आहे. लिमिट थोड्या मोठ्या केल्या तर चालतं का? लवकर सांगा.

गेजमास्तर: पीस सलग उचलता की तासाभरातले विखुरलेले? मायक्रोमीटरचा लीस्ट काउंट (सगळ्यात लहान वाचन)? इन्सर्ट (कापणारी पात) कधी बदलता, ऑफसेट (मशीनला द्यायची मापाची दुरुस्ती) कोण देतं?

चिपब्रेकर: एवढ्या चौकशा कशाला? स्पेकच्याच रेषा मारा चार्टवर. विषय संपला.

गेजमास्तर: अहो, तो सरासरीचा चार्ट आहे. सरासरी २४.९९९ आली तर पाचांतला एखादा पीस २५.००१ असू शकतो, आणि चार्टवर काहीच दिसणार नाही. ऑडिटर आधी हेच पकडेल.

बुशवाला: दर तासाला सलग ५. डिजिटल, १ मायक्रॉन. एक धार २०० पीस चालते, तेवढ्यात ओडी ८ मायक्रॉन वाढतो. ऑफसेट ऑपरेटर देतो, लागेल तसा. आता उत्तर द्या की.

तिरपी_रेषा: उत्तर तुम्हीच दिलंत. सलग ५ पीसांत धार झिजत नाही, म्हणून आर लहान. ०.५७७ (५ च्या सबग्रुपचा ठरलेला गुणक) × ४ = २.३, म्हणजे लिमिट ±२.३ मायक्रॉन. झीज ८ ची. बिंदू बाहेर जाणारच! इन्सर्ट बदल आणि ऑफसेट त्या त्या बिंदूखाली लिहा, करवतीचे दात दिसतील.
सिग्मा (मापं किती विखुरतात ते) = ४ ÷ २.३२६ (५ च्या सबग्रुपचा ठरलेला भाजक) = १.७२, सीपी (स्पेकची रुंदी ÷ ६ सिग्मा) २ च्या पुढे. एवढी जागा असेल तर सुधारित लिमिट चालतात: दोन्ही स्पेकपासून १.६६ सिग्मा आत, म्हणजे २४.९८१९ आणि २४.९९७१. कस्टमरची लेखी संमती मात्र घ्या.

चिपब्रेकर: म्हणजे लिमिट मोठ्याच केल्या ना? मी वेगळं काय सांगितलं?

तिरपी_रेषा: तुम्ही सिग्मा न बघता सांगितलंत. सीपी १.३ असता तर मी हे सुचवलंच नसतं.

सीएनसी_शेठ: चार्टशी खेळण्यापेक्षा झीज मारा. मॅक्रोत (मशीनच्या प्रोग्रॅममध्ये) पीस मोजून दर २५ पीसना एक्स अक्षाच्या वेअर (झिजेच्या) ऑफसेटमध्ये −०.००१ मिमी. ऑपरेटरचा हात बंद.

गेजमास्तर: १ मायक्रॉन प्रत्येक मशीन ऐकत नाही. ५० पीसना २ द्या, आणि तो खरंच उतरतोय का ते पुढच्या १० पीसांवर बघा. शिवाय पीस गार झाल्यावरच मोजा. २५ मिमीचं स्टील १० अंशांनी गरम असलं तर जवळपास ३ मायक्रॉन मोठं भरतं. तुमची लिमिटच २.३ आहे.

एक्सेलप्रेमी: पी-चार्टमध्ये (खराब पीसांच्या प्रमाणाच्या चार्टमध्ये) रोजची तपासणी संख्या बदलली तर लिमिट बदलतात का? टेम्प्लेट आहे का कोणाकडे?

तिरपी_रेषा: बदलतात, दर बिंदूची वेगळी. पण हा धागा एक्स-बारचा आहे.

बुशवाला: खुणा केल्या, दात दिसले. पण दुपारनंतरचे सगळे दात ४ मायक्रॉन वर आहेत. दुसऱ्या शिफ्टला हा जॉब शेजारच्या मशीनवर लागतो, त्यामुळे असेल का?

गेजमास्तर: हे आत्ता सांगताय? दोन मशीन, दोन चार्ट. लिमिटही वेगवेगळ्या काढा, आणि मॅक्रोला हात लावण्याआधी दुसऱ्या मशीनची झीज वेगळी मोजा.