मदत हवी आहे: पेनड्राइव्हवरच्या अभंगांची नावं बिघडलीत, क्रमपण चुकालाय, अर्जंट

मलप्रभाकाठ
मंडळी लवकर सांगा. शुक्रवारी गावात सप्ताह बसतोय. मामांच्या हार्डडिस्कवरची सगळी गाणी पेनड्राइव्हवर घेतलीत, काकडा, हरिपाठ, अभंग, नाट्यपदं आणि भीमसेन जोशींची कन्नड दासरपदं (हरिदास संतांची भजनं) पण, सगळ्यांना टॅग (गाण्याचं नाव, गायक अशी फाइलमध्येच लिहायची माहिती) भरले, तरी लावलं की नावं नीट येत नाहीत आणि काकडा दुपारच्या भजनानंतर वाजतोय. सॉफ्टवेअर बदललं तरी तेच. साउंडवाला सारखा विचारालाय कुठलं गाणं कुठं आहे म्हणून. काय करू?

टिळकवाडी_रेडिओ
कशावर लावलं? कुठल्या सॉफ्टवेअरनं टॅग भरले? आणि "नीट येत नाहीत" म्हणजे नक्की काय दिसतंय ते सांगा, त्यावर सगळं अवलंबून आहे.

मलप्रभाकाठ
पेनड्राइव्हवर लावलं की वो. घरच्या कॉम्प्युटरवर सगळं बरोबर दिसतंय, तिकडं मंडपात बिघडतंय.

चिकोडी_ऑडिओ
सगळ्या फायली ३२० केबीपीएसला (सेकंदाला ३२० किलोबिट) कन्व्हर्ट करून टाका. मोठ्या स्पीकरवर १२८ ची गाणी चिरकतात. मी आमच्या मंडळाची सगळी गाणी तशीच केलीत, आवाजात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

हार्मोनियम_निपाणी
त्यांनी आवाजाचं विचारलेलंच नाही. आणि १२८ ची फाइल ३२० केली तर गेलेला आवाज परत येत नाही, फाइल तेवढी मोठी होते, शिवाय परत एकदा कॉम्प्रेस झाल्यानं थोडं नुकसानच होतं. कृपया असं काही करू नका मलप्रभाकाठ.

चिकोडी_ऑडिओ
ऐकून बघा आधी मग बोला.

लिनक्स_खानापूर
पिकार्ड नावाचं टॅग भरायचं सॉफ्टवेअर वापरा, फुकट आहे. गाण्याच्या आवाजाचा ठसा काढून म्युझिकब्रेन्झ या इंटरनेटवरच्या गाण्यांच्या माहितीच्या साठ्यात शोधतं आणि गायक, अल्बम, साल सगळं आपोआप भरतं. हातानं टॅग भरत बसायची गरजच नाही.

हार्मोनियम_निपाणी
साठ्यात असेल तर भरतं! गावातल्या भजनी मंडळाचा काकडा मोबाइलवर रेकॉर्ड केलेला असेल तर तो तिथं कुठून येणार? जुन्या मराठी कॅसेटींची पण तीच गत, कधी भलताच अल्बम चिकटतो. आमच्याकडं हातानं टॅग भरायचं एमपीथ्रीटॅग सॉफ्टवेअरच बरं पडतं, आपण लिहू तेच राहतं.

मलप्रभाकाठ
पिकार्डच वापरलंय भाच्यानं. आधी एमपीथ्रीटॅगमध्ये मी भरलेले, मग त्यानं पिकार्डमधून सेव्ह केलं. आणि मंडपातल्या अँप्लिफायरला यूएसबी आहे, त्याच्या छोट्या पट्टीवर नाव पळतं, तिथं नुसती ????? येतात. काही गाण्यांना चौकोन येतात. गुरुवारच्या आत व्हायला पाहिजे.

टिळकवाडी_रेडिओ
आता कळालं. हे आधी सांगायचं की.

प्रश्नचिन्ह आणि चौकोन या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, एकत्र धरू नका. चौकोन दिसला तर बहुतेक अक्षरं फाइलमध्ये शाबूत असतात, त्या पट्टीला देवनागरी फॉन्ट नसतो एवढंच. प्रश्नचिन्ह दिसलं तर अक्षरं कुठंतरी बदलताना हरवलीत आणि त्या जागी खरंच "?" लिहिला गेलाय असं समजा. तिसरा प्रकार म्हणजे इंग्रजी अक्षरांची खिचडी, ती जुन्या छपाईच्या (डीटीपी) फॉन्टमध्ये टाइप केलेलं नाव असेल तर येते, तुमच्याकडं तो दिसत नाही.

एमपीथ्रीच्या एकाच फाइलमध्ये दोन टॅग असू शकतात, ते लिहायच्या पद्धतीला आयडी३ म्हणतात. जुना आयडी३ व्हर्जन १ फाइलच्या शेवटच्या १२८ बाइटमध्ये बसतो, नावाला ३० बाइटची जागा आणि देवनागरी त्याच्या गावीच नाही. नवा व्हर्जन २ फाइलच्या सुरुवातीला असतो. त्यातही २.३ मध्ये देवनागरी यूटीएफ-१६ नं लिहितात, यूटीएफ-८ आलं ते २.४ मध्ये (ही दोन्ही अक्षरं साठवायच्या पद्धतींची नावं). पिकार्ड आपणहून २.४ लिहितं. स्वस्तातल्या पुष्कळ प्लेअरना २.४ धड वाचता येत नाही, मग ते शेवटचा जुना टॅग वाचतात, आणि तिथं तुमचा अभंग प्रश्नचिन्हं होऊन बसलेला असतो. म्हणून घरी बरोबर, मंडपात चूक.

लिनक्स_खानापूर
पिकार्डच्या ऑप्शनमध्ये पण २.३ निवडता येतं, सॉफ्टवेअरला नावं ठेवू नका.

टिळकवाडी_रेडिओ
नावं नाही ठेवत अण्णा, पिकार्ड उत्तमच आहे, सेटिंग बदलायची आहे एवढंच. मलप्रभाकाठ, एमपीथ्रीटॅगमध्ये ऑप्शन्स, टॅग्ज, एमपीईजी इथं जा आणि राइटमध्ये २.३ यूटीएफ-१६ निवडा. रिमूव्हच्या खाली फक्त आयडी३ व्हर्जन १ वर टिक ठेवा, बाकी सगळ्या काढा, नाहीतर टॅग काढताना चांगला टॅग पण उडेल. मग सगळी गाणी निवडून आधी सेव्ह आणि नंतर रिमूव्ह टॅग. हार्डडिस्कवरच्या मूळ फायलींना हात लावू नका, कॉपीवर करा.

एवढं करून पट्टीवर चौकोन आले तर मग तिथं देवनागरी येणारच नाही. मंडपासाठी वेगळी कॉपी करून नावं इंग्रजी अक्षरांत लिहा.

हार्मोनियम_निपाणी
इंग्रजी अक्षरांत लिहायला माझा जीव तुटतो, पण मंडपातल्या माणसाला गाणं सापडणं महत्त्वाचं, हे खरं आहे. मूळ साठ्यात मात्र देवनागरीच ठेवा. आणि दासरपदांची नावं कन्नड लिपीत ठेवा, देवनागरीत ओढून आणू नका, आमच्या शेजारच्या कन्नड काकूंना फोनवर तीच हवी असतात.

गोकाक_रसिक
का बरं? आमच्या घरी सगळे देवनागरी वाचतात, एका लिपीत असलं की शोधायला सोपं.

हार्मोनियम_निपाणी
तुमच्या घरी ठीक. पण गायकाचं नाव तरी एकाच प्रकारे लिहा. "पं. भीमसेन जोशी", "पंडित भीमसेन जोशी" आणि नुसतं "भीमसेन जोशी" असे तीन प्रकार असले की प्लेअर तीन वेगळे गायक दाखवतो. गंगूबाई हनगल यांच्या सुरुवातीच्या रेकॉर्ड "गांधारी हनगल" नावानं निघाल्यात, त्या पण वेगळ्या पडतात, मी त्या गंगूबाईंच्या नावाखालीच ठेवते आणि छापील नाव कॉमेंटमध्ये लिहिते. पुरंदरदास (दासरपदं लिहिणारे कन्नड संत), तुकाराम ही नावं गायकाच्या जागी कधीच घालू नका, कवीसाठी वेगळा रकाना आहे, तो रिकामा ठेवला की अर्धा साठा मुका राहतो.

गोकाक_रसिक
कुमार गंधर्वांचा जन्म आपल्या बेळगावजवळ सुळेभावीचा, १९२४ चा. त्यांची निर्गुणी भजनं असतील तर सप्ताहात नक्की लावा, पहाटे ऐकायला अंगावर काटा येतो.

मलप्रभाकाठ
लावणार आहे. पण क्रमाचं कोणी सांगितलंच नाही.

लिनक्स_खानापूर
ते टॅगमुळं नाही. पेनड्राइव्ह बहुधा फॅट३२ (फायली मांडायची एक पद्धत) असतो, बरेच प्लेअर फायली ज्या क्रमानं कॉपी झाल्या त्याच क्रमानं वाजवतात, नाव बघतच नाहीत. लिनक्सवर फॅटसॉर्ट नावाचं साधन आहे, ड्राइव्ह अनमाउंट (सिस्टिमपासून मोकळा) करून चालवलं की क्रम लागतो. नाहीतर पेनड्राइव्ह फॉरमॅट करा आणि एकेक फोल्डर क्रमानं कॉपी करा. फायलींच्या नावापुढं ०१, ०२ असे दोन आकडी नंबर द्या, नुसते १, २ दिले तर काही प्लेअर १ नंतर १० घेतात.

चिकोडी_ऑडिओ
नवा प्लेअर घ्या, ब्लूटूथवाला, हा सगळा त्रासच नको.

मलप्रभाकाठ
अँप्लिफायर साउंडवाल्याचा आहे, मी कुठनं बदलू. २.३ केलं, जुना टॅग काढला. आता सगळीकडं चौकोन येतात. इंग्रजी अक्षरांत लिहिली ती नावं बरोबर दिसली, फॉरमॅट करून कॉपी केल्यावर काकडापण पहिला लागला. मनापासून आभार. पण काकड्याच्या काही फायली आता घरच्या कॉम्प्युटरवर पण ????? दाखवतात, ती नावं परत येतील का?

टिळकवाडी_रेडिओ
टॅगमधनं नाही येणार, तिथं आता खरंच प्रश्नचिन्हच लिहिलंय. फाइलचं नाव शाबूत आहे ना? मग एमपीथ्रीटॅगच्या कन्व्हर्टमध्ये "फाइलनेम टू टॅग" घ्या, फॉरमॅटमध्ये टक्क्यांच्या चिन्हांत ट्रॅक, डॅश, टक्क्यांच्या चिन्हांत टायटल असं लिहा, सगळ्यांची नावं एकदम भरतील. फाइलचं नावपण बिघडलं असेल तर मामांच्या हार्डडिस्कवरच्या मूळ कॉपीतनं ती घ्या.