जुन्या मॅसी १०३५ ट्रॅक्टरसाठी बॅटरी केबल कोणती घ्यावी?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

वडिलांच्या वेळचा मॅसी १०३५ आहे, अजून कामात आहे. सकाळी गार असताना सेल्फ (इंजिन चालू करणारी स्टार्टर मोटर) मारला की कण्हत फिरतो आणि केबल हाताला गरम लागते. बॅटरी नवीन आहे, सेल्फही तपासून आणलाय. मीटर लावून पाहिलं: सेल्फ फिरत असताना बॅटरीच्या प्लसपासून सेल्फच्या बोल्टपर्यंत सव्वा व्होल्ट पडतोय. अर्धा व्होल्टसुद्धा जास्तच म्हणायचा, म्हणजे केबल गेलीच. आवरण सोललं तर आतली तांब्याची तार हिरवी पडलेली.

दुकानात तयार केबल मिळते, पण वरून जाड आणि आत तार किती कुणास ठाऊक. काहींत तर तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं. ते नकोच.

माझा हिशोब असा: ३०० अँपिअर धरले तर ३५ चौरस मिमी तांब्यात दर मीटर लांबीला साधारण ०.१५ व्होल्ट पडतो, ५० मध्ये ०.१. म्हणून ५० घ्यावी म्हणतोय. मिस्त्री म्हणतो वेल्डिंगची केबल टाक, मऊ असते, वळते छान. पण डिझेल-ऑइलमध्ये तिचं रबर टिकतं का? कुणी वापरली असेल तर सांगा.

शिवाय लग (केबलच्या टोकाला बोल्टसाठी लावतात ते) दाबून बसवावेत की डाग द्यावा? अर्थिंगची विणलेली पट्टी चेसिसऐवजी थेट सेल्फ इंजिनला ज्या बोल्टने बसवलाय त्यावर (प्लसच्या नव्हे) घेतली तर चालेल ना?

पेरणी तोंडावर आहे, ढकलून ट्रॅक्टर चालू करायला रोज माणसं कुठून आणू!