मदत हवी आहे: इंग्लंडमध्ये दुसऱ्या गावच्या काउन्सिलची प्लेट असलेल्या कॅबची तक्रार नक्की कुणाकडे करायची?

मंडळी, इंग्लंडात राहणाऱ्यांपैकी कुणाचा काउन्सिलच्या (म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या) टॅक्सी लायसन्सिंगशी संबंध आला असेल, किंवा कुणी स्वतः प्रायव्हेट हायर (आधी बुक करूनच मिळणारी कॅब) चालवत असेल तर प्लीज वाचा आणि सांगा. आम्ही लंडनच्या बाहेर आहोत, लंडनचं सगळं टीएफएलकडे (तिथल्या वाहतूक खात्याकडे) असतं त्यामुळे तिथली पद्धत इथे चालेलच असं नाही.

झालं असं की माझी मुलगी युनिव्हर्सिटीत शिकते आणि पार्टटाइम काम करते, उशीर झाला की कॅबने रूमवर जाते, आम्हीच तिला बजावलंय की रात्री चालत जायचं नाही, कॅब कर, पैसे आम्ही देऊ. मागच्या आठवड्यात तिने अ‍ॅपवर बुक केलेली गाडी आली, नंबर बरोबर, रंग बरोबर म्हणून बसली आणि थोडं पुढे गेल्यावर तिच्या लक्षात आलं की अ‍ॅपमधला फोटो पन्नाशीच्या माणसाचा आहे आणि चालवणारा जेमतेम पंचविशीचा. ड्रायव्हरच्या लायसन्सचा बॅज कुठेच नाही. विचारलं तर म्हणाला काकांची गाडी आहे, त्यांना आज बरं नाही. त्याने बाकी काही त्रास दिला नाही, नीट दारापाशी सोडलं, हे मी आधीच लिहिते कारण मला कुणावर खोटं काही घालायचं नाहीये.

पण तो कोण होता हे आज कुणालाच माहीत नाही. ज्या माणसाचं पोलीस रेकॉर्ड तपासलं, मेडिकल झालं, तो घरी होता आणि माझी मुलगी ज्याच्या मागे बसली होती त्याचं कुणीच काही तपासलेलं नाही. हे मला सारखं आठवतंय आणि झोप लागत नाहीये.

कॅब कंपनीला लिहिलं तर त्यांनी भाडं परत केलं आणि "योग्य ती कारवाई करू" एवढंच उत्तर आलं. भाडं मागितलंच नव्हतं मी! मग आमच्या काउन्सिलला फोन केला, त्यांनी प्लेटचा (गाडीवरच्या टॅक्सी लायसन्सच्या पाटीचा) नंबर विचारला आणि म्हणाले ही प्लेट आमची नाही, दुसऱ्या काउन्सिलची आहे, तुम्ही तिकडे बोला. ते गाव इथून दोन तासांवर आहे. म्हणजे गाडी रोज आमच्या गावात फिरते, आमच्या मुली तिच्यात बसतात आणि तिच्यावर लक्ष ठेवायचं काम तिकडच्या ऑफिसचं? हे कायदेशीर तरी आहे का?

रॉदरहॅम या इंग्लंडमधल्या गावचं प्रकरण मी वाचलंय, २०१४ च्या अहवालात १९९७ ते २०१३ या काळात अंदाजे १४०० मुलांचं लैंगिक शोषण झाल्याचं म्हटलं होतं आणि त्यात टॅक्सीवाल्यांचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. आमच्या बाबतीत तसं काही झालं नाही, पण त्यानंतर नियम कडक झाले म्हणतात, मग कडक नियमांचा उपयोग काय जर गाडी कुणीही घेऊन येत असेल.

मुलगी म्हणते आई जाऊ दे, त्याचं पोट आहे त्याच्यावर. मलाही कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही, पण उद्या त्याच गाडीत दुसरं कुणी बसेल. तर तक्रार कुणाकडे, त्यात काय लिहायचं, पोलिसांकडे जायचं का, आणि मुलीचं नाव द्यावं लागतं का? तिच्याकडे ट्रिपचा स्क्रीनशॉट आहे आणि उतरताना तिने गाडीच्या मागच्या प्लेटचा फोटो काढलाय.

प्रतिसाद

ताई, मी काही वर्षं एका काउन्सिलच्या लायसन्सिंगमध्ये काम केलंय (तुमच्या नाही), म्हणून लिहितो. मुलीने प्लेटचा फोटो काढला हे फार चांगलं केलं, अर्धं काम तिथेच झालं.

आधी कायदेशीरचं. लंडनबाहेर प्रायव्हेट हायरचा मूळ कायदा १९७६ चा. ड्रायव्हर, गाडी आणि ऑपरेटर (बुकिंग घेणारी कंपनी) या तिघांचं लायसन्स एकाच काउन्सिलचं असलं पाहिजे, ते असेल तर बुकिंग घेऊन देशात कुठेही जाता येतं. त्यात २०१५ च्या कायद्याने ऑपरेटरला आपलं बुकिंग दुसऱ्या भागातल्या ऑपरेटरकडे द्यायची मुभा मिळाली. त्यामुळे दुसऱ्या गावची प्लेट दिसणं हा गुन्हा नाही. प्रॉब्लेम असा की जिथे गाडी फिरते तिथल्या ऑफिसरला, दोन काउन्सिलमध्ये तसा करार नसेल तर, तिच्यावर फार काही करता येत नाही. जून २०२५ मध्ये मुलांच्या टोळ्यांकडून होणाऱ्या लैंगिक शोषणाबद्दलच्या बॅरोनेस केसींच्या सरकारी अहवालातही ही बाहेरच्या गाड्यांची पद्धत बंद करा असं स्पष्ट म्हटलंय.

आता तुमचं प्रकरण. हे "काकांची गाडी" उत्तर ऐकून सोडून देऊ नका. प्रायव्हेट हायरची प्लेट लागली की ती गाडी चोवीस तास प्रायव्हेट हायरच, प्रायव्हेट हायर ड्रायव्हरचं लायसन्स नसलेला माणूस ती दूध आणायलासुद्धा चालवू शकत नाही, कोर्टाने हे १९९७ मध्येच सांगितलंय. त्या मुलाकडे ते लायसन्स नसेल तर चालवणारा आणि गाडी देणारा दोघंही अडचणीत येतात आणि त्या ट्रिपला इन्शुरन्स होता का हाही प्रश्नच.

तक्रार प्लेटवर ज्या काउन्सिलचं नाव आहे तिच्या लायसन्सिंग टीमकडे, ईमेलने. फोनवर बोलू नका, बोललात तरी नंतर लिहून पाठवा. तारीख, वेळ, कुठून कुठे, प्लेट नंबर, गाडीचा रजिस्ट्रेशन नंबर, अ‍ॅपमध्ये दिसलेलं नाव, आणि चालवणारा कसा दिसत होता, काय म्हणाला ते मुलीच्या शब्दांत. तुमचा राग दुसऱ्या परिच्छेदात लिहा, पहिल्यात फक्त घडलेलं. गाडीत कॅमेरा असेल तर फुटेज जपून ठेवायला सांगा असंही लिहा आणि हे आजच करा, ते फुटेज फार दिवस राहत नाही. बुकिंगचं रेकॉर्ड ऑपरेटरने किमान ६ महिने ठेवावं असं २०२० च्या सरकारी मानकांत आहे, म्हणजे तेवढी घाई त्याची नाही.

तीच मेल तुमच्या काउन्सिललाही पाठवा. "आमची प्लेट नाही" म्हणून त्यांना हात झटकता येत नाहीत. २०२२ च्या सेफगार्डिंगच्या कायद्याप्रमाणे आपल्या हद्दीत दुसऱ्याच्या ड्रायव्हरबद्दल गंभीर गोष्ट कळली तर त्यांनी ती लायसन्स देणाऱ्या काउन्सिलला १० कामाच्या दिवसांत कळवायची असते आणि त्या काउन्सिलने २० कामाच्या दिवसांत लायसन्स काढून घ्यायचं की नाही ते ठरवून कारणासकट उत्तर द्यायचं असतं. मेलमध्ये या कायद्याचा उल्लेख करा, उत्तराचा सूर बदलतो. तरी कुणी दाद दिली नाही तर आधी काउन्सिलची अंतर्गत तक्रार, मग लोकल गव्हर्नमेंट ऑम्बड्समन (काउन्सिलांविरुद्धच्या तक्रारी बघणारा स्वतंत्र अधिकारी).

पोलिसांना १०१ वर (तातडीचं नसेल तेव्हाचा नंबर) कळवा. मुलीचं नाव ड्रायव्हरला देऊ नका असं स्पष्ट लिहून द्या, ऑफिस ते सहसा पाळतं, पण लायसन्स गेलं आणि तो मॅजिस्ट्रेट कोर्टात अपिलात गेला तर तिचा जबाब लागू शकतो, हे तिला आधीच सांगून ठेवा.

प्रतिसाद

मी स्वतः प्रायव्हेट हायर चालवतो. ताई, पोटावर पाय वगैरे अजिबात मनात आणू नका. आम्ही डीबीएस (पोलीस रेकॉर्डची तपासणी) करतो, मेडिकल करतो, परीक्षा देतो आणि असे अकाउंट भाड्याने देणारे लोक आमच्याकडे बघणाऱ्या प्रत्येक पॅसेंजरच्या मनात संशय घालतात. माझ्या गाडीत एकटी मुलगी बसली की ती आधी फोटो बघते, मला त्याचं वाईट वाटत नाही, बघावाच. तुमच्या मुलीला सांगा दार उघडायच्या आधी चेहरा, बॅज आणि नंबर जुळवायचा आणि "कुणासाठी आलात" हे ड्रायव्हरलाच विचारायचं, आपलं नाव आपण आधी सांगायचं नाही. जुळलं नाही तर बसायचं नाही, कॅन्सलचे पैसे गेले तरी चालतील.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. दोन्ही काउन्सिलला मेल गेली, १०१ वर पण सांगितलं, त्यांनी रेफरन्स नंबर दिलाय. मुलीला अपिलाचं सांगितलं, थोडा वेळ गप्प बसली मग म्हणाली दे माझं नाव. आता एकच विचारायचंय, कंपनीने त्या अकाउंटचं काय केलं ते मला कळू शकतं का, की ते प्रायव्हसी म्हणून सांगणार नाहीत?

प्रतिसाद

त्याच्याबद्दलचं सांगणार नाहीत. पण मुलगी स्वतःच्या ट्रिपचा आणि तक्रारीचा डेटा मागू शकते, सब्जेक्ट अ‍ॅक्सेस रिक्वेस्ट (आपल्याबद्दलची माहिती मागायचा अर्ज) कंपनीकडे टाकायची, साधारण महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं. अर्ज तिच्याच ईमेलवरून जाऊ दे. आणि काउन्सिलने काय निर्णय घेतला ते मात्र तुम्ही तक्रारदार म्हणून विचारत राहा, दर वेळी तोच रेफरन्स नंबर टाकून.